अंदमानाचा मुहूर्त

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात मराठी वर्तमानपत्रांत एक बातमी ठरल्यासारखी येते : ‘मान्सून अंदमानात दाखल’. विदर्भात पारा 45 च्या आसपास घोटाळत असतो, मराठवाड्यात टँकरची वाट बघणं चालू असतं, मुंबईकर घामाने आणि पुणेकर मुंबईकरांच्या तक्रारींनी बेजार असतात. अशात ही बातमी वाचून सगळ्यांना हायसं वाटतं. गच्चीवरच्या कुरडया-सांडग्यांची घाई सुरू होते, माळ्यावरची छत्री खाली येते, शेतकरी बियाण्याच्या हिशेबाला बसतो. फक्त एका माणसाच्या पोटात गोळा येतो. त्याच्याकडे पुढच्या मंगळवारची अंदमानची विमानाची तिकिटं असतात.

असा माणूस प्रत्येक सोसायटीत एक तरी असतो. तिकिटं त्याने जानेवारीतच काढून ठेवलेली असतात, कारण स्वस्त मिळाली. ती स्वस्त का मिळाली, हा प्रश्न त्याला चार महिन्यांनी सकाळच्या चहाबरोबर पडतो. मग लिफ्टमध्ये भेटेल त्याला तो सांगत सुटतो, ‘‘दाखल झालाय म्हणजे रोज पडेलच असं नाही हो.’’ समोरचा मान डोलावतो आणि आपल्या मजल्यावर उतरून जातो.

मी अंदमानला जाऊन आलोय, आणि आपल्याकडे जाऊन आलेल्या माणसाला तज्ज्ञ समजतात. त्यामुळे ‘अंदमानला कधी जावं?’ हा प्रश्न माझ्याकडे हळदीकुंकवापासून तेराव्यापर्यंत कुठेही येतो. उत्तर एका ओळीचं आहे. जानेवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत जावं. आकाश निवळलेलं असतं, समुद्र शांत असतो, पाणी इतकं नितळ असतं की खालचं प्रवाळ बोटीतून दिसतं. पण हे उत्तर दिलं की विचारणाऱ्याचा चेहरा पडतो. ‘‘फेब्रुवारी-मार्च? अहो, धाकटीची दहावी आहे!’’

निसर्गाने अंदमानाचा उत्तम काळ आणि महाराष्ट्र बोर्डाने परीक्षेचा काळ एकच का निवडावा, हे मला कळलेलं नाही. फेब्रुवारीत बारावी, मार्चमध्ये दहावी. ज्या घरात दहावी-बारावी नाही त्या घरात मार्चएंड असतो. ज्या घरात परीक्षाही नाही आणि मार्चएंडही नाही, त्या घरात गुडघे असतात. म्हणजे निळं आकाश, सपाट समुद्र आणि मोकळी बेटं असा सगळा थाट मांडून अंदमान बसलेलं असतं, आणि मराठी माणूस मुलाला भूमितीची प्रमेयं पाठ झालीत का ते विचारत असतो.

आमच्याही घरात या विषयावर बैठक झाली होती. मध्ये कालनिर्णय, भोवती माणसं. थोरले काका बँकेतून निवृत्त झालेले, त्यामुळे तारखांच्या बाबतीत शेवटचा शब्द त्यांचा. ‘‘मे महिना घ्या, सगळ्यांना सुट्टी,’’ ते म्हणाले. काकू लगेच उखडल्या, ‘‘मे महिन्यात? देवगडहून पेट्या यायच्या असतात. आंबा घरात पिकायला घालून कोणी परगावी जातं का?’’ मेहुणे केंद्र सरकारच्या नोकरीतले. त्यांना अंदमानाची ओढ एलटीसीमुळे. गावी जायच्या सवलतीच्या बदल्यात अंदमानला विमानाने जाऊन येण्याची मुभा सरकारने दिली आहे, आणि ब्लॉक इयर डिसेंबरअखेर संपतं. सरकारी माणसाला ऋतू दोनच : ब्लॉक संपण्याआधीचा आणि संपल्यानंतरचा. म्हणून त्यांचं मत डिसेंबरला. वहिनीचं मत दिवाळीच्या सुट्टीला, कारण तेव्हा फराळ तयारच असतो आणि तो बरोबर नेता येतो. आजींना फक्त एवढंच कळायला हवं होतं, की पितृपक्ष टळतोय ना.

या बैठकीत एकदाही कोणी आकाशाचं मत विचारलं नाही. खरं तर विचारायला हवं होतं, कारण त्या बेटांवरचं आकाश आपल्यासारखं नाही. महाराष्ट्राला एक पावसाळा पुरतो, अंदमानाला दोन लागतात. मेच्या उत्तरार्धापासून सप्टेंबरपर्यंत नैर्ऋत्य मोसमी वारे, म्हणजे आपल्याकडे येणारेच; ते आधी तिथे हजेरी लावून मग केरळमार्गे आपल्याकडे येतात. ते जातात न जातात तोच ईशान्येकडून दुसरे वारे सुरू होतात आणि ते डिसेंबरपर्यंत अधूनमधून शिंपडत राहतात. वर्षाकाठी पडतो सुमारे 3000 मिलिमीटर. रत्नागिरीकराला हा आकडा ऐकून काही वाटणार नाही, तिथेही एवढा पडतोच. पण रत्नागिरी तो चार महिन्यांत उरकते. अंदमान तोच पाऊस सात-आठ महिने पुरवून पुरवून वापरतं. तापमानाचं म्हणाल तर बाराही महिने साधारण 23 ते 31 अंश. थंडीसाठी म्हणून वहिनीने घेतलेला स्वेटर चेन्नईच्या विमानतळावरच्या एसीत तेवढा उपयोगी पडला.

दिवाळीच्या सुट्टीचं तर नावच काढू नका. म्हणजे काढा, पण बंगालच्या उपसागराला विचारून काढा. ऑक्टोबर-नोव्हेंबर हा त्याचा चक्रीवादळांचा हंगाम. 2013 च्या ऑक्टोबरात फायलिन अंदमानावरून पुढे गेलं, आणि त्याच वर्षी 25 नोव्हेंबरला ‘लेहर’ पोर्ट ब्लेअरजवळून पार झालं. ठीक आहे, दिवाळी नको, डिसेंबर घ्या, असं मेहुणे म्हणणार. तर 2016 च्या डिसेंबरात, ऐन गर्दीच्या दिवसांत, पुढे ‘वरदा’ म्हणून चेन्नईवर आदळलेलं वादळ आधी अंदमानाजवळ तयार झालं आणि हॅवलॉक-नील या बेटांवर हजाराहून अधिक पर्यटक अडकून पडले. नौदलाची जहाजं त्यांना आणायला गेली, तर समुद्र इतका खवळलेला की जहाजांनाही किनाऱ्याला लागता येईना. मग जानेवारी? 2019 च्या जानेवारीत ‘पाबुक’ थायलंडकडून निघून नवीन वर्षाच्या शुभेच्छा द्यायला अंदमान समुद्रात आलं होतं. याचा अर्थ तिथे जाऊच नये असा नाही. याचा अर्थ एवढाच, की कालनिर्णयावर बोट ठेवून समुद्राकडून लेखी हमी मिळत नाही. जानेवारीत वादळ येणं अपवाद. नोव्हेंबरात येणं हा त्याचा हक्क.

समुद्राची कहाणी अशी, आणि विमानाची वेगळीच. लोकांना वाटतं, समुद्र खवळला तर बोटी बंद, आपलं काय, आपण तर वरून जाणार. पोर्ट ब्लेअरचा विमानतळ हा गैरसमज फार प्रेमाने दूर करतो. (शहराचं नाव सप्टेंबर 2024 पासून श्री विजयपुरम झालं आहे, हॅवलॉक आणि नील 2018 मध्येच स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप झाले, पण आपल्या तोंडातली नावं बदलायला सरकारी आदेशापेक्षा जास्त वेळ लागतो.) तिथल्या धावपट्टीच्या एका टोकाला डोंगर आहे. त्यामुळे विमानं साधारणपणे एकाच बाजूने येऊन उतरतात आणि त्याच बाजूने परत उडतात. आता विमानाला उतरताना वारा समोरून हवा असतो, म्हणजे वेग लवकर आटोक्यात येतो. पावसाळ्यात दुपार कलली की नैर्ऋत्येचा वारा जोर धरतो आणि उतरणाऱ्या विमानाच्या पाठीमागून येतो. उतारावरून सायकल थांबवायची आहे आणि मागून कोणीतरी हौसेने ढकलतंय, असा तो प्रकार. वैमानिक शहाणे असतात, ते या फंदात पडत नाहीत. म्हणून तिथली बहुतेक विमानं सकाळची असतात, आणि म्हणून पुण्या-मुंबईच्या माणसाला अंदमानासाठी मध्यरात्री घर सोडावं लागतं.

आणि समजा, ढग खाली आले आणि उतरता आलं नाही, तर? इतर ठिकाणी विमान शेजारच्या गावी जातं. अंदमानाच्या शेजारी गाव नाही, समुद्र आहे. चेन्नई नाहीतर कोलकाता, दोन्हीही 1300 किलोमीटरच्या आसपास. अशा वेळी माणूस पहाटे चेन्नईहून निघतो, ढगांवर एक लांब चक्कर मारतो, सँडविच खातो आणि दुपारी चेन्नईत उतरतो. पर्यटनात याला काय म्हणतात ठाऊक नाही, पण सँडविचचे पैसे लागतात.

मला मात्र त्या विमानप्रवासातली शेवटची पंधरा मिनिटं फार आवडतात. दोन तास खाली नुसता समुद्र असतो, इतका की डोळे कंटाळतात. मग अचानक पहिलं बेट दिसतं, आणि पाठोपाठ अनेक. वर गर्द हिरवं, किनाऱ्याला पांढरी कड, त्याच्या भोवती फिकट निळ्याची पट्टी, मग गडद निळं. फेब्रुवारीत हे सगळं लख्ख दिसतं. जुलैत तुमच्या खिडकीतून फक्त विमानाचा पंख दिसतो, आणि तोही सर्व वेळ नाही.

उतरल्यावर आणखी एक गोष्ट मराठी माणसाच्या मुळावर येते, ती म्हणजे घड्याळ. आपलं प्रमाणवेळेचं रेखावृत्त 82.5 अंशांचं, पोर्ट ब्लेअर जवळजवळ 93 वर. मुंबई 73 वर. म्हणजे दोन्हींत 20 अंशांचा फरक, सूर्याच्या हिशेबाने 80 मिनिटांचा. घड्याळ मात्र तेच. डिसेंबरात तिथे सूर्य पाचच्या सुमाराला मावळतो. आता डोळ्यांसमोर आणा : मंडळी समुद्रावरून येतात, सुरमईवर ताव मारतात, आणि ‘‘जरा आडवं होऊ’’ म्हणून दोनला पडतात. चारला डोळा उघडतो, चहा होतो, चिवड्याचा डबा फिरतो, काका धोतर की पँट यावर विचार करतात, आणि पावणेपाचला सगळे तयार होऊन हॅवलॉकचा राधानगर किनारा बघायला निघतात. पोचेपर्यंत अंधार. भारतातल्या सर्वांत सुंदर किनाऱ्यांपैकी एक, आणि त्याचा फक्त आवाज ऐकून लोक परत येतात. वामकुक्षी ज्याला सोडवत नाही त्याने डिसेंबरात अंदमानला जाऊ नये. मे-जूनमध्ये निदान अर्धा-पाऊण तास जास्त मिळतो. तिथली माणसं पहाटे पाचला उठून कामाला लागलेली असतात. सकाळी नऊला हॉटेलातून बाहेर पडणारा प्रवासी त्यांना दुपारी उठल्यासारखा वाटत असणार.

तिथीचंही असंच. कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग, हे त्याच्या अंगातच असतं. नील बेटावरचा तो दगडी नैसर्गिक पूल ओहोटीला चालत जाऊन बघायचा असतो. भरतीच्या वेळी पोचलात तर खडक पाण्यात आणि गाइडच्या मोबाइलमधले फोटो हातात. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास ओहोटीला पाणी भरपूर मागे हटतं, प्रवाळाची डबकी उघडी पडतात, त्यांत समुद्रकाकड्या आणि खेकडे दिसतात. आणि हॅवलॉकला काही किनाऱ्यांवर काळोख्या रात्री पाण्यात हात फिरवला की निळसर ठिणग्या उठतात. सूक्ष्म जीवांचा तो उजेड चांदण्यात दिसत नाही, त्याला अमावस्याच हवी. आता हे आजींना कसं सांगायचं? अमावस्येला गावची वेससुद्धा ओलांडायची नाही, असं ज्यांना लहानपणापासून शिकवलं, त्यांना विमानात बसवायचं आणि वर रात्री समुद्रात उतरवायचं. बैठकीत हा मुद्दा मी मांडला नाही. काही गोष्टी तारखांच्या योगायोगावर सोडाव्यात.

बेटांनाही रजा असते, हे मला तिथे गेल्यावर कळलं आणि फार बरं वाटलं. वंडूरच्या जेट्टीवरून महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानातल्या बेटांवर जाता येतं. त्यांपैकी जॉली बॉय हे साधारण नोव्हेंबर ते मेच्या मध्यापर्यंत उघडं असतं. पावसाळ्यात ते बंद ठेवून रेड स्किन नावाचं दुसरं उघडतात. माणसांच्या पायांनी आणि बोटींनी शिणलेल्या प्रवाळाला सहा महिने विसावा. सरकारी कारभारात इतकी समजूतदार पाळी मी क्वचित पाहिली आहे. जेट्टीवर तपासणी कडक असते. प्लास्टिक चालत नाही. आमच्या मंडळींच्या पिशव्यांतून शंकरपाळ्यांची, शेवेची आणि आवळासुपारीची प्लास्टिकची पुडकी एकेक करून बाहेर निघाली, तेव्हा तपासणाऱ्या बाईंनी त्या ढिगाकडे आणि मग काकूंकडे ज्या कौतुकाने पाहिलं, ते पाहण्यासारखं होतं. काकूंनी तिथल्या तिथे स्टीलचा डबा काढला आणि सगळं एकत्र भरलं. शेव, शंकरपाळे आणि आवळासुपारी यांचं ते मिश्रण प्रवाळाच्या साक्षीने संपलं.

एका गटाला मात्र हा सगळा हवामानाचा खल लागू नाही. 28 मे ही सावरकरांची जयंती, आणि त्या दिवशी सेल्युलर जेलमध्ये असावं म्हणून मुद्दाम जाणारी मराठी माणसं असतात. मान्सून त्यांच्या आधी आठवडाभर तिथे पोचलेला असतो. ते भिजतात, आणि त्याबद्दल कुरकुर करत नाहीत. करणार तरी कशी? स्वतः सावरकर 4 जुलै 1911 ला ‘महाराजा’ बोटीने तिथे पोचले, म्हणजे भर पावसाळ्यात. जेलच्या मूळ बांधणीत 693 कोठड्या होत्या, सात पाकळ्यांची इमारत. आज तीन पाकळ्या उरल्या आहेत. त्या लांब ओवऱ्यांतून पावसाचा आवाज ऐकत चाललं की आपण सीझन, ऑफ-सीझन, नाश्ता धरून की सोडून, या गोष्टींवर किती बोललो होतो, ते आठवून माणूस जरा गप्प होतो. मग बाहेर येऊन पुन्हा सुरू करतो.

चुकीच्या वेळी जाणं म्हणजे काय, याचा नमुना हवा असेल तर 2025 चा मे घ्या. त्या वर्षी मान्सूनने 13 तारखेलाच निकोबार आणि दक्षिण अंदमान समुद्र गाठला, नेहमीपेक्षा आठवडाभर आधी. समजा एखाद्याने विचार केला, की मान्सून 20-22 ला येतो, आपण त्याआधी जाऊ, तर तो आधीच समोर उभा. समजा एखादा म्हणाला, भिजलो तर भिजलो, 23 ला परत येऊ, तर 23 आणि 24 मेला सकाळी तीन-तीन तास अंदमानावरचं आकाशच चाचणीसाठी विमानांना बंद होतं. आणि समजा तो बिचारा कसाबसा 25 ला मुंबईत पोचला, तर 26 मेला मान्सून मुंबईत. इतक्या लवकर तो मुंबईत आल्याची नोंद नव्हती. असा माणूस खरोखर असेल तर त्याच्याबद्दल मला सहानुभूती आहे, पण थोडा आदरही आहे. पावसाने ज्याचा पाठलाग करत दोन हजार किलोमीटर यावं, असा माणूस सामान्य नव्हे.

तरीही मेच्या अखेरीला गेलेल्यांची मी कीव करत नाही. हॉटेलं निम्म्या दरात असतात, किनाऱ्यावर तुमच्याशिवाय एखादं कुत्रं असतं, जंगल इतकं हिरवं की डोळ्यांना सोसत नाही. सर येते, तासभर झोडपते, निघून जाते, ऊन पडतं. बोटीवर मात्र परीक्षा असते. पोर्ट ब्लेअर ते हॅवलॉक दीड ते अडीच तासांचा प्रवास, आणि जून-जुलैत त्या बोटीत एकच पदार्थ सगळ्यांना वाटला जातो, तो म्हणजे कागदी पिशवी. आमच्या शेजारचे एक गृहस्थ पहिल्या दहा मिनिटांत गोव्याच्या क्रूझचे किस्से सांगत होते. पुढचा सव्वा तास ते कोणाशी बोलले नाहीत. आणि पाण्याखालचं बघायचं असेल तर पावसाळा व्यर्थ. लाटांनी तळ ढवळलेला असतो, गाइड बोट दाखवून ‘‘वो देखो, वो देखो’’ म्हणतो, आणि सगळे एकमेकांना दिसल्याचं सांगतात.

आमच्या बैठकीत शेवटी काय ठरलं, तर डिसेंबर. एलटीसी जिंकली, ती नेहमीच जिंकते. वादळ आलं नाही, पाऊस दोनदा आला, आणि राधानगर किनारा दुसऱ्या खेपेला उजेडात बघितला.

तेव्हा विचाराल तर माझं मत बदललेलं नाही. ज्याला कोणाची परीक्षा नाही, मार्चएंड नाही आणि गुडघे शाबूत आहेत, त्याने फेब्रुवारीत जावं, आणि आजच तिकीट काढावं. इतरांनी सुट्टी मिळेल तेव्हा जावं, पण तीन गोष्टी पाळाव्यात. विमान सकाळचं घ्या. आधी हॅवलॉक-नील उरका आणि परतीच्या विमानाआधीची रात्र काही झालं तरी पोर्ट ब्लेअरलाच काढा. बोट चुकलेल्या माणसासाठी विमान थांबत नाही. आणि सेल्युलर जेल शेवटच्या दिवसासाठी ठेवा. समुद्र रद्द होऊ शकतो, जेल होत नाही.